मास्तरांचा उजवा पाय

"माझ्या गाडीत बसून आजवर एकही पोर घाबरलेलं नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते, आणि ते खरं होतं.

म्हणाले तेव्हा ते ड्रायव्हिंग स्कूलच्या बाहेरच्या खोलीत टेबलाला टेकून उभे होते. समोर एक आई आपल्या नुकत्याच अठरा पूर्ण केलेल्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याकडे बघत होता, आई मास्तरांकडे. भीती वाटत होती ती आईला. मुलाला मुळीच नाही. त्या वयात भीती वाटत नाही ही चांगलीच गोष्ट आहे, असं मास्तरांचं मत होतं. निदान तेव्हा तरी होतं.

मास्तर उंच होते आणि शिकवणीची गाडी लहान. शिकणाऱ्याच्या बाजूच्या सीटवर बसले की त्यांचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. हात मांडीवर, बोटं एकमेकांत गुंतवलेली. ते हात कधी वर यायचे नाहीत. बाकीचे शिकवणारे स्टीअरिंगवर झेप घालायचे, ओरडायचे, दारावर थापा मारायचे. मास्तर खिडकीबाहेर बघत "हं", "छान", "आता डावीकडे घे" एवढंच बोलायचे. डॅशबोर्डच्या खळगीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली उभी असायची. गाडी थांबली तरी त्यातलं पाणी हिंदकळायचं नाही. मास्तर बाटलीकडे हनुवटीने खूण करायचे. "बघ. पाणीसुद्धा हललं नाही. बसला तुझा हात."

हात कुणाचाच बसलेला नसायचा. बसलेला होता तो मास्तरांचा उजवा पाय.

शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. दोन्ही एका लोखंडी दांडीने जोडलेले. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो. पोरांना हे पहिल्याच दिवशी दाखवलेलं असतं. पण जे दिसत नाही ते माणूस लवकर विसरतो, आणि मास्तरांचा पाय कुणाला दिसायचा नाही. गुडघा हलायचा नाही, बोलणं तुटायचं नाही. फक्त घोट्याखालचा भाग काम करायचा. शिकणारा ब्रेकवर तळवा नुसता टेकवायचा, आणि ब्रेक त्याच्या तळव्याखालून स्वतःच, शहाण्या मुलासारखा खाली जायचा. गाडी अलगद थांबायची. शिकणाऱ्याला वाटायचं, आपण थांबवली.

पाठीमागे लोक त्यांना 'अलगद मास्तर' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

सुरुवातीपासून ते असे नव्हते. ते स्वतः शिकले ट्रकवर, चुलत्याच्या हाताखाली. गियर चुकला की चुलता पान्याने बोटांवर मारायचा. मास्तरांच्या डाव्या हाताची दोन पेरं अजून वाकडी आहेत. शिकवायला लागले तेव्हा त्यांनी पाना आणला नाही, पण गळा चुलत्याचाच आणला. "डोळे घरी ठेवून आलीस का?" असं ते एका तरुण नर्सला भर चौकात ओरडून म्हणाले. तिने गाडी तिथेच बंद केली, उतरली, आणि दार उघडं टाकून उन्हातून चालत निघून गेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. मास्तर त्या उघड्या दाराकडे बघत बसले होते. चुलता मरून किती वर्षं झाली, आणि तो आपल्या तोंडात राहायला आला आहे, हे कळून त्यांना स्वतःची किळस आली.

स्कूलच्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "मास्तर, लोक इथे गाडी शिकायला येतात. बोलणी खायला त्यांच्या घरी सासरे बसलेत."

त्या दिवसापासून मास्तरांनी ओरडणं सोडलं. ओरडण्याच्या जागी पाय आला. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी वाईट काही नव्हतं. शोधून पाहिलं तर मुळाशी माया सापडते, आणि शरमेची खरी अडचण तीच आहे. दुष्टपणाची लाज वाटणं सोपं असतं. मायेची लाज वाटायला लागली की माणसाला बसायला जागा उरत नाही.

परीक्षेलाही पाय सोबत असायचा. निरीक्षक मागच्या सीटवर बसायचा, मास्तर नेहमीच्या जागी, मुलगा किंवा मुलगी चाकामागे. ही लबाडी आहे असं मास्तरांच्या मनात कधी आलं नाही. नापास झालेलं पोर तोंड पाडून उतरतं ते त्यांना बघवायचं नाही, इतकंच. त्यांच्याकडची पोरं पास व्हायची. आया पेढी बदलावी तशा दुसऱ्या स्कूलमधून मुलं काढून त्यांच्याकडे आणायच्या.

त्यांच्या बुटांचा एक गमतीदार प्रकार होता. मोचीकडे दुरुस्तीला दिले की तो दोन्ही बूट उलटे करून शेजारी शेजारी धरायचा. "मास्तर, एका पायावर चालता की काय? डाव्याला काही झालेलं नाही आणि उजव्यातून माझं बोट आरपार जातंय." मास्तर हे घरी येऊन कौतुकाने सांगायचे. बायको म्हणायची, "घरासाठी कधी एवढी झीज सोसली नाहीत." घरीही तो पाय स्वस्थ नसायचा. टीव्हीवर गाडी भरधाव निघाली की मास्तर फरशी दाबायचे. बसमधून जाताना पुढच्या सीटखाली पाय रोवायचे. बायको कोपराने ढोसायची. "अहो, त्याला त्याचे पैसे मिळतात. तुम्ही बसा निवांत."

आणि त्यांचा मित्र गॅरेजवाला. स्कूलच्या समोर, रस्त्यापलीकडे त्याचं गॅरेज. दुपारचा चहा मास्तर तिथे घ्यायचे, टायरांच्या चळतीवर बसून. गॅरेजवाल्याची जीभ त्याच्या हातांइतकीच काळी होती. एकदा तो ठोकून आलेली एक गाडी दाखवत म्हणाला, "हा बघ, तुझा आणखी एक पदवीधर आला."

"माझा कशावरून?"

"पुढून फुटलाय ना! बोनेट, बंपर, दिवे. तुझी पोरं नेहमी पुढूनच फुटतात, मास्तर. दुसऱ्याच्या ढुंगणावर जाऊन आपटतात. त्या नाक्यावरच्या स्कूलची पोरं बघ, कुठूनही फुटतात. तुझ्या पोरांना शिस्त आहे."

दोघे ठसका लागेपर्यंत हसले. मास्तरांनी चहा संपवला, कप टायरवर उपडा ठेवला आणि पुढच्या शिकवणीला गेले. विनोद तिथेच राहिला. विनोदांची हीच सोय असते, त्यात काय सांगितलं आहे ते ऐकावं लागत नाही.

मग भाची आली शिकायला.

मास्तरांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, एकोणीस वर्षांची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बहीण कपडे शिवायची, मेहुणे नोकरीसाठी दूर, वर्षातून एकदा येणारे. त्यामुळे भिंगरीची सायकल मास्तरांनीच मागून धरली होती आणि तिचा पहिला पडलेला दातही त्यांच्याच खिशात घरी आला होता. तिला गाडी दुसऱ्या कुणी शिकवण्याचा प्रश्नच नव्हता.

ती बडबडत चालवायची. मास्तरांना ते ऐकत बसायला आवडायचं.

"मामा, मला वाटलं होतं गाडी म्हणजे फार अवघड प्रकरण असेल."

"असतं की."

"कुठे? ही तर मनातलं ओळखते. मी नुसतं थांबायचं मनात आणलं की थांबते."

आता वाटतं, त्या क्षणी सांगायचं होतं. गाडी थांबवून, दोघांनी उतरून, वाकून, ती दांडी दाखवून सांगायचं होतं. मास्तर म्हणाले, "तुझा पाय हलका आहे. नाहीतर तुझी आई. मशीनवर पाय पडला की शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे पळतं."

भिंगरी इतकी हसली की पुढचा टेम्पो थांबलेला तिला दिसलाच नाही. गाडी थांबली. बाटलीतलं पाणी हललं नाही.

परीक्षेच्या दिवशी निरीक्षक मागे बसून जांभया देत होता. वळणावर एक म्हातारे गृहस्थ अचानक रस्त्यात उतरले. भिंगरीचा पाय ब्रेकवर गेला, मास्तरांचा त्याआधीच गेलेला होता. निरीक्षक म्हणाला, "वा. मुलीचं लक्ष आहे." घरी बहिणीने हे वाक्य दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, आणि मास्तर समोर असले की अर्धं वाक्य त्यांच्याकडे बघून.

बहिणीच्या दारात मेहुण्यांची जुनी गाडी उभी होती. भिंगरीच्या हाती देण्याआधी मास्तरांनीच ती गॅरेजवाल्याकडे नेली. "पोरीच्या हाती द्यायचीय, नीट बघ." त्याने ब्रेकचे पॅड बदलले, टायर बदलले, आणि म्हणाला, "लग्नात मिरवण्यासारखी झालीय."

पहिल्याच रविवारी भिंगरीने आईला मागे आणि मामाला शेजारी बसवून फेरी मारून आणली. सगळं छान चाललं होतं. बाजारच्या रस्त्यावर पुढचा ट्रक थांबला. मास्तरांना तो केव्हाच दिसलेला होता. त्यांचा उजवा पाय पुढे गेला आणि खाली गेला, आणि त्याला काहीच लागलं नाही. नुसती रबराची चटई, आणि चटईखाली पत्रा.

आपण शिकवलेल्या पोराशेजारी बसून असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ट्रकचं मागचं फळकूट काचेवर येत होतं, त्यावरचे खिळे दिसत होते. शेवटी दचकून भिंगरीनेच ब्रेक करकचून दाबला. गाडी ट्रकच्या वीतभर मागे आचका देऊन थांबली. मागे बहिणीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"आई, पट्टा लावत जा गं!" भिंगरी हसत होती. "या गाडीचे ब्रेक जड आहेत, मामा. तुझ्या गाडीसारखे नाहीत. ती कशी शहाणी आहे."

"सवय होईल," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "अंतर ठेवत जा जरा."

"दादाने शिकवलंय म्हणजे मला घोर नाही," बहीण कपाळ चोळत म्हणाली.

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. उजवा पाय अजून चटई दाबत होता. त्यांनी तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. त्यांना सगळं कळलं होतं, काहीसुद्धा कळायचं राहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तिला मोकळ्या मैदानात नेऊन नीट शिकवू, असं त्यांनी ठरवलं. पण तेव्हा काय म्हणून शिकवणार? पास झालेल्या मुलीला पुन्हा ब्रेक शिकवायला नेतोय, तर आईला कारण द्यावं लागेल. कारण देणं लांबत गेलं. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी भिंगरीला अभ्यास होता, आणि मास्तरांना त्या अभ्यासाने सुटल्यासारखं वाटलं.

अपघात दुपारी झाला, लख्ख उजेडात. भिंगरी कॉलेजातून येत होती, मागे दोन मैत्रिणी. हॉस्पिटलजवळच्या सिग्नलला एक सुतार सायकल धरून उभा होता. मागे कॅरिअरवर खिडकीची नवी चौकट बांधलेली. भिंगरी मागून आली आणि त्या चौकटीसकट त्याला पुढे ढकलत गेली. चौकटीचे तुकडे झाले. सुताराच्या मांडीचं हाड मोडलं.

वेग फार नव्हता. फोन पर्समध्ये होता. पण गल्लीत संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. "ही वयंच तसली." "मैत्रिणी मागे बसल्या की यांना रस्ता दिसतो कुठे." "गाणी लावली असतील मोठ्याने." मास्तरांना दुकानात, जिन्यात, स्कूलमध्ये जो भेटला तो हेच म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार मास्तर, शिकवायचं तेवढं शिकवलंत." मास्तरांनी प्रत्येक वेळी मान हलवली. मान हलवताना तोंडात मारल्यासारखं व्हायचं, तरी हलवली.

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात सुताराला भेटायला गेले. पाय वजन लावून वर टांगलेला. हाताच्या रेषांत अजून लाकडाचा भुसा. त्याने आधी विचारलं, "पोरीला लागलं नाही ना?"

"नाही."

"मला एक कळत नाही. ती बघत होती माझ्याकडे. मी मागे वळून पाहिलं होतं ना, आमची नजरानजर झाली. तिचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं, पाहिलंय हिने, थांबतेय. म्हणून मी हललो नाही." सुतार छताकडे बघत म्हणाला, "बघत बघतच आली हो."

मास्तरांनी आणलेली फळं खाटेखालच्या कप्प्यात ठेवली. ठेवायला बराच वेळ लावला.

भिंगरी घरी एकच वाक्य म्हणत होती. "मी ब्रेक दाबला होता. नेहमीसारखा दाबला होता. गाडी थांबली नाही." ती खोटं बोलत नव्हती. बहिणीला हे वाक्य पुरेसं होतं. ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही, म्हणजे ब्रेक खराब होता. ब्रेक खराब होता, म्हणजे गॅरेजवाल्याने पॅड नीट बसवले नव्हते. ती गॅरेजमध्ये जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलून आली. "माझ्या पोरीचा जीव गेला असता. पोलिसांत तुझं नाव देणार आहे मी."

गॅरेजवाल्याने मास्तरांना बोलावून घेतलं. पहिल्यांदाच तो विनोद करत नव्हता. "गाडी इथे उभी आहे. तू स्वतः चालवून बघ. माझी चूक असली तर मी स्वतः जाऊन सांगतो. पण नसताना माझ्या माथी मारू देऊ नकोस. लोक आताच गाड्या काढून न्यायला लागलेत."

पुढचा भाग चेपलेली ती गाडी मास्तरांनी मागच्या मैदानात नेली. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. ब्रेक उत्तम होता. मग त्यांनी ज्यासाठी ते खरे आले होते ते केलं. वेग घेतला आणि ब्रेकवर पाय फक्त टेकवला, भिंगरी टेकवते तसा, त्यांनी शिकवलेली सगळी पोरं टेकवतात तसा. गाडी जराशी मंदावली आणि चालत राहिली. मैदान संपलं, कुंपणाची तार आली, तरी ती शांतपणे चालत होती.

कुंपणाशी थांबून ते चाकामागे बसून राहिले. तुझी पोरं नेहमी पुढूनच फुटतात, मास्तर. आता तो विनोद ऐकू आला. चेहरे आठवायला लागले. दंतवैद्याचा मुलगा, लग्नाआधी घाईने शिकलेली ती मुलगी, जुळे भाऊ. त्यांच्यातले किती कुणाच्या मागे जाऊन आपटले आणि घरी म्हणाले, मी ब्रेक दाबला होता? किती जणांच्या बापांनी त्यांना थोबाडीत मारली? आणि आज या घडीला किती जण कुठल्या कुठल्या रस्त्यांवर, शांत चेहऱ्याने, कुणाच्या तरी पाठीमागून येत होते?

दुसऱ्या दिवशी भिंगरीला पोलिसांत जबाब द्यायचा होता. आदल्या संध्याकाळी बहिणीने मास्तरांना बोलावलं आणि गॅरेजवाल्यालाही. पुढची खोली लहान होती. मशीनवर कुणाचं तरी एका बाहीचं जाकीट पडलं होतं. भिंगरी पलंगाच्या कडेला बसली होती, गुडघे जवळ घेऊन. आजवर तिला कुणी इतकं स्थिर बसलेलं पाहिलं नव्हतं. गॅरेजवाला दारापाशी उभाच राहिला. त्याला कुणी बस म्हणालं नाही.

"दादा, तू सांग," बहीण म्हणाली. "या गावात गाडीच्या बाबतीत तुझ्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. उद्या पोलिसांना तूच सांग ब्रेक खराब होते म्हणून. तू बोललास की विषय संपला."

"ब्रेक चांगले आहेत," मास्तर म्हणाले.

गॅरेजवाल्याने श्वास सोडला तो ऐकू आला.

"म्हणजे माझी पोरगी खोटं बोलते?"

"नाही. तीही खरं बोलते." मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. "तिने नेहमीसारखाच दाबला. नेहमी मीच थांबवायचो. माझ्या बाजूने. तिच्या नकळत."

बहीण हसली. "काहीतरीच काय, दादा! भाचीला वाचवायला स्वतःवर घेतोयस? लहानपणी हिने कप फोडला की तू म्हणायचास मी फोडला. आता वय आहे का तुझं असं करायचं?"

"तसं नाही गं."

"मग कसं? इतकी वर्षं शिकवतोयस, काय झोपेत शिकवत होतास?"

मास्तर उठले आणि भिंगरीसमोर जमिनीवर बसले. उंच माणूस, खाली बसायला त्यांना त्रास झाला, एक गुडघा वाजला. त्यांनी उजवा तळहात तिच्या पायापुढे तिरका उभा धरला, मनगट जमिनीला टेकवून.

"यावर पाय ठेव. समज, हा ब्रेक आहे. समोर माणूस उभा आहे. थांबव."

"मामा, वेडा झालायस का! तुझ्या हातावर पाय देऊ मी?"

"दे."

"आई, बघ ना याला."

"दे म्हणतोय ना, बाळा."

भिंगरीने आईकडे पाहिलं, मग पाय हळूच पुढे केला. तळवा त्यांच्या तळहातावर आला. मास्तर वाट बघत होते. झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा तो पाय होता.

"दाब," मास्तर म्हणाले.

"दाबलाय," भिंगरी म्हणाली.

मास्तरांचा हात जिथे होता तिथेच होता, बोटसुद्धा वाकलं नव्हतं. दारातून गॅरेजवाला बघत होता. त्याने हळूच नजर वळवून जिन्याकडे केली, जणू कुणाला उघडं पाहिलं असावं.

मास्तरांनी दुसरा हात तिच्या पावलावर वरून ठेवला आणि दाबायला सुरुवात केली. दाबत गेले. वाकड्या पेरांची दोन बोटं पांढरी पडली. खालचा हात मागे गेला, मनगट वळलं, तरी दाबत गेले.

"एवढं लागतं," ते म्हणाले.

"एवढं?" भिंगरीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"एवढं. गाडी शहाणी नव्हती. मी होतो."

बहीण खुर्चीत बसली. तिचा हात मशीनवरच्या जाकिटावर पडला आणि तिथेच राहिला. गॅरेजवाल्याला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो फक्त म्हणाला, "मास्तर, आणि बाकीची पोरं?" उत्तराची वाट न बघता त्याने स्वतःच मान हलवली.

भिंगरीने पाय मागे घेतला नव्हता. ती मामाच्या डोक्याकडे बघत होती, विरळ झालेल्या केसांकडे. इतक्या वरून तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती, तर तो आवाज मास्तरांच्या ओळखीचा होता. त्याखाली बसून राहता आलं असतं. पण ती मनात एकेक थांबणं जुळवत होती. टेम्पो, सिग्नल, शाळेपुढची कमान, वळणावरचे ते म्हातारे गृहस्थ.

"परीक्षेच्या दिवशी?" तिने विचारलं. "ते आजोबा रस्त्यात आले तेव्हा? ते तरी मी?"

मास्तरांनी तिच्या पावलावरचा हात काढला.

"मामा, एवढं तर सांग. तुझ्या गाडीत मी कधी एकदा तरी स्वतः थांबले होते का?"

त्यांना आठवायचं होतं. फार आठवायचं होतं. मैदानातला पहिला दिवस, कॉलेजमागचा रिकामा रस्ता, उतारावरची ती दुपार. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबत होती, पाणी निश्चल होतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना आपल्या उजव्या तळव्याखालचं लोखंड आठवत होतं. तिला देण्यासाठी एकसुद्धा थांबणं त्यांच्याकडे नव्हतं. एखादं खोटं देता आलं असतं. हो, त्या उतारावर तूच थांबवलीस, असं म्हणता आलं असतं. तेही अलगदच झालं असतं.

त्यांनी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला. पलंगाच्या कडेचा आधार घेऊन ते उठले. बहीण "दादा" म्हणाली. दारात गॅरेजवाला बाजूला सरकला. उंबऱ्यापलीकडे बूट होते, एकाचा तळ चांगला, एकाचा पार गेलेला. मास्तरांनी वाकून ते पायात घातले, नाड्या तशाच लोंबत ठेवल्या, आणि जिना उतरून निघून गेले.